चाल कुणाची? कशेडीची जाखडी आणि आयर्लंडची पोल्का



स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका फळ्यावर लिहीत होते. ईशस्तवन, स्वागतगीत, कोळीनृत्य, शेतकरी नृत्य आणि सातव्या क्रमांकावर जाखडी. प्रत्येक गाण्यापुढे गीतकार-संगीतकाराचं नाव लिहायची आमची पद्धत आहे. जाखडीपुढे मी सवयीने ‘पारंपरिक’ असं लिहिलं आणि आठव्या क्रमांकाकडे वळले. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, पारंपरिक म्हंजे कोनाची नाय?”

मी म्हटलं, “तसं नाही रे. पारंपरिक म्हणजे सगळ्यांची.”

तो म्हणाला, “पन आमचे आजोबा त सांगतात, ही चाल त्यांच्या बुवांची हाय.”

वर्ग हसला. मीही हसले, पण उत्तर काही सुचलं नाही. तुमच्याही वर्गात हे झालं असेल. लोकगीत शिकवताना ‘पारंपरिक’ हा शब्द आपण पूर्णविरामासारखा वापरतो. तो लिहिला की पुढे काही शोधायचं उरत नाही. त्या मुलाने पूर्णविराम पुसून प्रश्नचिन्ह टाकलं. त्या प्रश्नामागे आम्ही महिनाभर हिंडलो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे, म्हणजे तुम्हाला तुमच्या गावच्या चालीवर असाच पाठ घेता येईल.

आधी जाखडीविषयी थोडं

ज्यांनी कोकणातला गणपती पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पोलादपूर सोडलं की मुंबई-गोवा महामार्ग कशेडी घाट चढायला लागतो. घाट उतरला की खेड, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. घाटाच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांमध्ये गौरी-गणपतीच्या दिवसांत जाखडी नाचतात. तिलाच बाल्या नाच म्हणतात. अंगणात मधोमध गाणारे बुवा, ढोलकीवाला, झांजवाला आणि झील धरणारे असतात. त्यांच्याभोवती नाचणाऱ्यांचं रिंगण. पायात घुंगरांचे चाळ. नाच सुरू होतो गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. मग गवळण, मग पुढची गाणी. सुरुवात संथ होते आणि लय वाढत वाढत शेवटी अंगणातली माती उडायला लागते.

यातली दोन पक्षांची जुगलबंदी म्हणजे शक्ती-तुरा. एक पक्ष शक्तीचा, दुसरा शिवाचा. सृष्टीत श्रेष्ठ कोण, प्रकृती की पुरुष, यावर गाण्यातून सवाल-जवाब होतात. याचं मूळ कलगी-तुऱ्याच्या जुन्या परंपरेत आहे आणि ती एकट्या कोकणाची नाही. मध्य प्रदेशात आणि राजस्थानातही ‘तुर्रा-कलंगी’ आहे. तिथली आख्यायिका अशी, की तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर यांची गायनाची चढाओढ पाहून चंदेरीच्या राजाने एकाला आपल्या शिरपेचातला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. आख्यायिका खरी की कल्पित हा प्रश्न बाजूला ठेवू. आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की ज्याला आपण अगदी ‘आमच्या वाडीचं’ म्हणतो ते गाणं केवढा मुलूख तुडवून आलेलं असतं.

‘बाल्या’ या शब्दाबद्दलही मुलांशी बोला. मुंबईत कामाला गेलेल्या कोकणी गड्यांच्या कानात बाळी असायची, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. पुढे तो हिणवण्यासाठीही वापरला गेला. आमच्या वर्गात एक मुलगी ‘जाखडी’ म्हणायला तयार होती, ‘बाल्या नाच’ म्हणायला लाजत होती. ही लाज घरून आलेली असते आणि घरी ती शहरातून आलेली असते. चालीचा मागोवा घ्यायचा तर या लाजेवरूनही जावं लागतं.

एक वही, आणि वहीतली वाट

एका रविवारी आम्ही त्या मुलाच्या आजोबांकडे गेलो. वाडीत सगळे त्यांना बुवाच म्हणतात. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांना कमी दिसतं, पण आवाज खणखणीत. मी विचारलं, “बुवा, ही चाल तुमच्या बुवांची, म्हणजे त्यांनी स्वतः लावलेली का?”

ते म्हणाले, “बाई, गानी त्यांची. चाल त्यांना मिळालेली.”

हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे. गाणं रचलं जातं, चाल मिळते.

मग त्यांनी वही काढली. शंभरपानी, कडा कुरतडलेल्या, वर पिवळं प्लॅस्टिक. जुन्या शाहिरांच्या वह्या तुम्ही पाहिल्या असतील तर आठवेल. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं, बऱ्याचदा त्याच्या गुरूचं आणि गावाचंही. शब्दांवर मालकीची मोहोर असते. चालीवर मात्र कुणाचं नाव नाही. तिच्यासाठी गाण्याच्या डोक्यावर एक ओळ असते, ‘चाल:’ आणि पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले तीन-चार शब्द. म्हणजे, हे गाणं त्या गाण्यासारखं म्हणा.

मुलांनी तिथेच खेळ सुरू केला. आमच्या गाण्याची चाल कोणती? चौदाव्या पानावरच्या गवळणीची. त्या गवळणीची चाल कोणती? पुढच्या एका गणाची. त्या गणाची? तिथे जे शब्द लिहिले होते ते गाणं या वहीत नव्हतंच.

बुवा म्हणाले, “ती दुसऱ्या वहीत. त्या दोन वह्या पोरीकडं महाडला होत्या.”

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. 22 जुलै 2021. त्या दिवशी सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं. त्याच दिवशी तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. इकडे पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं गिळली. त्या हिशोबात दोन वह्या म्हणजे काहीच नाही, आणि बुवांनीही त्यांचा हिशोब कधी मांडला नव्हता. “मानसं वाचली, वह्यांचं काय,” एवढंच म्हणाले.

ते गाणं आठवून पाहतो म्हणाले. डोळे मिटले. दोन शब्द आले, तिसरा येईना. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच अडले. आम्ही निघायच्या बेतात होतो. तेवढ्यात नातवाने शेजारचा पत्र्याचा डबा ओढून त्यावर ठेका धरला, जाखडीच्या सरावात धरतो तसा. बुवांचा उजवा पाय हलायला लागला. टाच, चवडा, टाच, चवडा. मग नुसती चाल आली, शब्दांशिवाय, आकारात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता. तिच्या मागोमाग पहिल्या कडव्याचे निम्मे शब्द आले. उरलेले आले नाहीत.

गाणं पाण्यात गेलं होतं. चाल पायात राहिली होती.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट कळली. बुवांच्या बुवांना ती मूळ चाल कुठे मिळाली? मुंबईत. लालबागच्या चाळीत, गिरणीत पाळी करणाऱ्या खेडच्या एका गायकाकडून. नकाशावर पाहा. घाटाच्या अलीकडची वाडी आणि पलीकडचं खेड यांच्यात एक डोंगर. पण चाल तो डोंगर ओलांडून आली नाही. ती आधी मुंबईला गेली आणि तिथून दोनशेएक किलोमीटर उलटी येऊन या अंगणात उतरली. गिरण्यांनी कोकणची माणसं नेली हे आपण इतिहासात शिकवतो. त्यांनी चालींची अदलाबदलही घडवली हे कुठल्या धड्यात नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहात वर्षानुवर्षं शक्ती-तुऱ्याचे आणि नमनाचे प्रयोग होत आले ते याच माणसांच्या जोरावर. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगाव विस्कटलं आणि चालींचा हा बाजारही पांगला.

आता थेट आयर्लंडला

तुम्ही म्हणाल, कशेडीहून आयर्लंड कुठे आलं? सांगते. मुलांना त्यांच्या चालीशेजारी ठेवायला दुसरी एक चाल हवी होती. दूरची, वेगळ्या भाषेची, पण जिची वाट बऱ्यापैकी नोंदवलेली आहे अशी. शोधताना आयर्लंडच्या पोल्का सापडल्या. फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीला ज्या शिकवतात त्यांत ‘बॅलीडेसमंड पोल्का’ नावाच्या धुना असतात. बॅलीडेसमंड हे कॉर्क आणि केरी या दोन परगण्यांच्या सीमेवरचं छोटं गाव. धुनेला गावाचं नाव आहे, रचणाऱ्याचं नाही. तो कोण ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे आमच्यासारखंच!

त्या भागाला श्लीव लूखरा म्हणतात. अर्थ ‘लव्हाळ्यांचा डोंगर’. पाणथळ, चढउताराची, फारसं न पिकवणारी जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर जाणारी माणसं. घाटावर राहणाऱ्यांना हे वर्णन समजावून सांगावं लागलं नाही.

पण पोल्का मुळात आयर्लंडची नाहीच. ती बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक देशातली. तिची आख्यायिका आपल्या मंडळींना आवडेल, कारण तिच्यात एक शिक्षक आहे. 1830 च्या दशकात ॲना नावाची एक मोलकरीण स्वतःशीच गाणं म्हणत, उड्या घेत नाचत होती. योसेफ नेरुदा नावाच्या संगीतशिक्षकाने ते पाहिलं, चाल लिहून घेतली आणि विद्यार्थ्यांना शिकवली. ही गोष्ट अशीच घडली असं अभ्यासक छातीठोकपणे म्हणत नाहीत. पण पुढचा प्रवास इतिहासात आहे. तिथून पोल्का प्रागला गेली, 1840 च्या दशकात पॅरिस आणि लंडन तिच्या मागे अक्षरशः वेडं झालं आणि एकोणिसाव्या शतकातच ती आयर्लंडला पोचली. तिथे चार जोडप्यांनी चौकोनात नाचायचे ‘सेट’ आधीपासून होते. तेही मूळचे पॅरिसच्या क्वाड्रिल नाचातून आलेले. गावच्या लोकांनी त्या सेटमध्ये पोल्का बसवली. केरीच्या मातीत ती अशी रुजली की आज पोल्का म्हटलं की आयरिश संगीतातल्या लोकांना आधी श्लीव लूखराच आठवतं.

तिथलेही एक मास्तर

आता ज्यांच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला त्यांच्याविषयी. पॉड्रिग ओकीफ, जन्म 1887, मृत्यू 1963. वडील गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यांच्यानंतर हे मुख्याध्यापक झाले. पण शाळेत यांचं मन रमेना आणि 1920 च्या सुमारास नोकरी गेली. मग हे गृहस्थ खांद्याला फिडल लावून चालत निघाले. मैलोन्‌मैल पायी जायचं, घरोघरी मुलांना शिकवायचं, मिळेल ते घ्यायचं आणि पुढच्या घरी जायचं. हे आयुष्यभर चाललं.

शिकणारी मुलं शेतकऱ्यांची, स्वरलिपी न येणारी. ओकीफ यांनी त्यांच्यासाठी स्वतःची सोपी खूण तयार केली. रेघांमधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्यात लिहिलेला आकडा म्हणजे त्या तारेवर कितवं बोट ठेवायचं. झालं! ज्याला आकडे येतात त्याला धून वाचता येते. अकॉर्डियनसाठी वेगळी खूण. अशी पानं ते विद्यार्थ्यांच्या घरी ठेवून जात. त्यांतली कित्येक पानं घराघरांत जपली गेली, म्हणून कोणती धून कुणाच्या हातून कुणाकडे गेली हे आज सांगता येतं.

डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडं त्यांचेच विद्यार्थी. डेनिस अधूनमधून न्यूयॉर्कला राहिले, ज्युलिया बरीच वर्षं लंडनला. त्यांचं लालबाग ते! 1952 मध्ये शेमस एनिस यांनी बीबीसीसाठी या गुरु-शिष्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं. त्या भागात कित्येक धुनांना नाव असतं ते ज्याच्याकडून ती मिळाली त्याचं, म्हणजे ‘अमक्याची पोल्का’. अमक्याने ती रचलेली नसते, त्याने ती पोचवलेली असते.

आमच्या मुलाच्या आजोबांचं वाक्य आठवा. “चाल त्यांना मिळालेली.” आपल्याकडे शब्दांवर नाव आणि चाल बेनाम. तिकडे धुनेला शब्दच नाहीत, म्हणून पोचवणाऱ्याचं नाव धुनेला चिकटलं. सातवीच्या मुलांनी हा फरक स्वतः काढला. मी फक्त दोन रकाने आखून दिले होते.

चाल पायांनी घडते

दोन्हीकडे सारखी असलेली मुख्य गोष्ट म्हणजे नाच. पोल्काला दोन मात्रांचा ठेका असतो. एक भाग आठ आवर्तनांचा, तो दोनदा वाजवायचा. मग दुसरा भाग, तोही आठ आवर्तनांचा, दोनदा. हे सगळे हिशोब पावलांसाठी आहेत. जोडप्याला चौकोनात फिरून आपल्या जागी यायला जितकी पावलं लागतात तितकीच धून लांब. केरीतले वादक दुसऱ्या, म्हणजे हलक्या मात्रेवर गजाचा झटका देतात, त्यामुळे नाचणाऱ्याचा पाय आपोआप उचलला जातो.

आपली ढोलकी बऱ्याचदा केरव्याच्या वळणाने चालते. धा गे ना ती, न क धि न. आठ मात्रा, पहिलीवर टाळी, पाचवीवर खाली. मुलांना दोन गटांत उभं करा. एक गट ‘एक-दोन, एक-दोन’ असं पोल्काचं पाऊल टाकेल, दुसरा केरवा म्हणेल. केरव्याच्या एका आवर्तनात एक-दोनच्या चार जोड्या अगदी चपखल बसतात. आमच्या वर्गात हे जमलं तेव्हा मुलं इतकी खूश झाली की शेजारच्या वर्गाचे गुरुजी पाहायला आले.

यातून मुलांना आपोआप समजतं की चालीची पार्श्वभूमी म्हणजे फक्त रचणाऱ्याचं नाव आणि साल नव्हे. ती कोणत्या पावलासाठी आहे, हेही तिचं मूळ आहे. बुवांचे शब्द गेले आणि चाल राहिली, त्याचं कारणही हेच.

सिनेमाच्या चालीचं काय करायचं?

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. “बाई, आता पोरं सिनेमाच्या चालीवर जाखडी बसवतात, सगळा सत्यानाश झालाय.” मलाही पूर्वी तसंच वाटायचं. पोल्काचा इतिहास वाचल्यावर मत थोडं बदललं.

पोल्का आयर्लंडात आली तेव्हा ती परदेशातून आलेली फॅशनच होती, त्या काळचं सिनेमाचं गाणं म्हणा ना. 1893 मध्ये आयरिश भाषा आणि संस्कृती जपायला गेलिक लीग स्थापन झाली. तिच्या मंडळींनी हे सेट नाच परके म्हणून नाकारले. पुढे 1935 मध्ये सार्वजनिक नाचासाठी परवाना लागेल असा कायदा आला. त्याचा धाक दाखवून घरातले आणि चौकातले नाचही बंद पाडले गेले. आज त्याच पोल्का आयरिश परंपरा म्हणून जगभर शिकवल्या जातात. परकी चाल आली म्हणून परंपरा बुडाली नव्हती. तिला खरा फटका बसला तो नाचायची जागा गेली तेव्हा.

आपल्याकडेही चाल उसनी घेणं नवं नाही. ‘चाल: अमुक’ ही ओळच त्याची कबुली आहे. सत्यशोधक जलसेकारांनी आणि पुढे आंबेडकरी जलसेकारांनी लोकांच्या ओळखीचा तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा विचार भरला, म्हणून तो विचार लोकांच्या ओठी बसला. तेव्हा पोरांनी सिनेमाची चाल घेतली म्हणून मी आता रागावत नाही. मी दोनच प्रश्न विचारते. या चालीवर पाय नीट पडतो का? आणि मिळालेली जुनी एक तरी चाल तुला येते का?

दुसऱ्या प्रश्नाला आमच्या वर्गात फक्त तीन हात वर झाले. काळजी करायची तर याची करा. महामार्ग रुंद झाला, कशेडीला बोगदा झाला, घाटातला वेळ वाचला. चाकरमानी पूर्वीपेक्षा लवकर पोचतात आणि तितक्याच लवकर परतही जातात. श्रावणातला सराव घ्यायला वाडीत माणसंच नसतात. मग स्पीकरवर ध्वनिमुद्रित गाणं लावून नाच उरकतो. मीही तेच करत आले. संमेलनात जाखडीला तीन मिनिटं, पेनड्राइव्हमधलं गाणं, आणि लय वाढायच्या आतच पडदा. बुवांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, ढोलकीवाला नाचनाऱ्याच्या पायाकडं बघून वाजवतो. ती पेटी कुनाच्या पायाकडं बघनार?”

वर्गात कसं घ्यायचं?

पाचवी ते आठवीसाठी चार तासिका पुरतात. कोकणच पाहिजे असं नाही. भोंडला, फुगडी, लेझीम, गजी नृत्य, दिंडीतली पावली, काहीही चालेल.

पहिली तासिका, पाय. गाणं न लावता फक्त ठेका आणि पाऊल. मुलं-मुली सगळ्यांना घ्या. जाखडी पूर्वी पुरुषांचीच होती, आता महिलांचे संचही आहेत, हे मुद्दाम सांगा. आमच्या वर्गातली ती लाजणारी मुलगी पावलात सगळ्यांच्या पुढे निघाली.

दुसरी तासिका, घर. मुलांनी घरून पाच प्रश्नांची उत्तरं आणायची. ही चाल तुम्ही पहिल्यांदा कुणाकडून ऐकली? कुठे? तेव्हा तिच्यावर कोणते शब्द होते? ती कोणत्या कामाला किंवा नाचाला म्हणत? तुम्ही ती कुणाला शिकवलीत? शेवटच्या प्रश्नाला बरेच आजी-आजोबा गप्प होतात. ती गप्प राहण्याची जागाही मुलांना टिपू द्या.

तिसरी तासिका, वाट. नकाशावर दोरा लावायचा. आमचा दोरा वाडीतून लालबागला, तिथून खेडला गेला. शेजारी दुसरा दोरा, बोहेमिया, पॅरिस, लंडन, केरी आणि तिथून न्यूयॉर्क. भूगोल, इतिहास आणि संगीत एका भिंतीवर येतात.

चौथी तासिका, नोंद. स्वरलिपी येत नसेल तर अडून बसू नका. ओकीफ मास्तरांसारखी आपली खूण शोधा. आमच्या मुलांनी पावलांची लिपी केली, टाचेला गोल, चवड्याला रेघ, गिरकीला बाण. ती वाचून पाचवीच्या मुलांना नाचता आलं, म्हणजे लिपी पास!

एक पथ्य मात्र पाळा. कुणाचंही गाणं मोबाइलवर घेण्याआधी विचारा आणि न विचारता पुढे पाठवू नका. काही बुवांना आपलं गाणं समोरच्या पक्षाच्या हाती लागलेलं चालत नाही. तो त्यांचा हक्क आहे. वहीचे फोटो मात्र परवानगी घेऊन जरूर काढून ठेवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. का ते आता सांगायला नको.

फळ्यावरची दुरुस्ती

संमेलनाच्या दिवशी जाखडीला आम्ही तीनऐवजी आठ मिनिटं दिली. पेनड्राइव्ह बाजूला ठेवला. आठवीतल्या मुलाने ढोलकी धरली, चार मुलांनी झील. बुवा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. मध्येच लय घसरली, दोघांचे पाय चुकले, मग सावरले. कॅसेटसारखं साफ झालं नाही, पण ढोलकीवाला पायांकडे बघत होता.

कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकापुढे त्या मुलानेच खडूने लिहिलं होतं. शब्दांपुढे बुवांच्या बुवांचं नाव आणि चालीपुढे, “खेडच्या गायकाकडून लालबागला मिळाली, तिथून आमच्या वाडीत, आजोबांकडून मला.” ओळ लांब झाली आणि आठवा क्रमांक अरुंद जागेत कोंबावा लागला. मी पुसली नाही.

तुमच्या शाळेच्या पुढच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘पारंपरिक’ लिहायची वेळ आली तर खडू क्षणभर थांबवा आणि वर्गाला विचारा, कुणाकडून मिळाली? कुठल्या तरी बाकावरून उत्तर येईल. आणि नाही आलं, तर येत्या रविवारी कुणाच्या घरी जायचं ते ठरवा. या बाबतीत फार रविवार हाताशी नाहीत.